लाल दोऱ्याचा पट्टा

रुतलेला ट्रक ओढून काढणे हे ताकदीचे काम आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने काकूंच्या भांडारघराची पायरी चढू नये. ही गोष्ट त्या आवारात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळत असे, आणि न कळल्यास काकू स्वतः कळवीत. ट्रक-ओढणीचा धंदा दोघा भावांचा. काकू थोरल्या भावाची पत्नी. ओढायला जात ते त्यांचे धाकटे दीर. पण दोर, पट्टे, साखळ्या, कप्प्या, आणि पट्ट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या पोलादी कड्या, ज्यांना धंद्यात शॅकल म्हणतात, या सगळ्यांच्या किल्ल्या अठ्ठावीस वर्षे काकूंच्या कमरेला होत्या. कुठल्या कामाला काय द्यायचे ते त्या ठरवीत. त्यांनी ‘नाही’ म्हटले की गिऱ्हाईक कितीही डोके आपटो, गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

या कडकपणाला कारण होते. लग्नाच्या चौथ्या वर्षी थोरल्यांनी हाताशी होती त्या साखळीने एक टँकर ओढायला घेतला. साखळीला ताण सोसतो, झटका सोसत नाही. ती तुटली, तिचा आकडा उलटा आला आणि थोरल्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे घेऊन गेला. “बोटांवर निभावलं,” असे ते अजूनही हसत सांगत. “डोकं नेलं असतं तर हिला ओरडायला माणूस उरला नसता.” तेव्हापासून ते फोन सांभाळीत आणि काकू भांडार.

त्या दिवशी सकाळी विटांच्या भट्टीवरून फोन आला. थोरल्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली आणि डाव्या हाताने फोन काकूंपुढे धरला. “तुझं गिऱ्हाईक. घाईत आहे.”

“रिकामा की भरलेला?” काकूंनी विचारले.

“भरलेला, विटांनी,” पलीकडून ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. “बाई, तुम्ही फक्त गाडी पाठवा. एक हिसडा दिला की—”

“हिसडे घरी द्या. वजन किती?”

“मालाचं तीन टन असेल.”

“गाडीचं साडेतीन. म्हणजे साडेसहा. चाकं कुठवर गेलीत?”

“मागची दोन्ही, अर्धी. ओली चिकणमाती आहे.”

“पुढे?”

“पुढे पक्का रस्ता. हातभर अंतरावर आहे हो, तेच तर दुःख आहे!”

“दुःख नंतर करा. आधी निम्म्या विटा उतरवा. आमची माणसं येईपर्यंत इंजिन चालू करू नका. चाक फिरवाल तर गाडी आणखी खाली घालाल.”

फोन ठेवून काकू भांडारात गेल्या. मागोमाग धाकटे भाऊजी आणि त्यांची चोवीस वर्षांची मुलगी आली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी पाच मिनिटे ठरत नसे. आज मात्र ती दाराशी अगदी सरळ उभी होती. आज ओढणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर ती बसणार होती, पहिल्यांदाच. काकूंनीच तसे ठरवले होते, पुष्कळ वेळा नाही म्हणून झाल्यावर.

“वहिनी, वायरनं ओढू की पट्ट्यानं?” भाऊजींनी विचारले. वायर म्हणजे गाडीवरच्या विंचची, मोटरने फिरणाऱ्या रिळावर गुंडाळली जाणारी पोलादी दोरी.

“पट्ट्यानं. वायरनं ओढायचं तर तुमची गाडी मागे कशाला तरी जखडावी लागेल, नाहीतर ट्रक जागेवर आणि तीच त्याच्याकडे घसरत जाईल. पुढे पक्की जमीन आहे, चाकं अर्धीच बुडालीत. ताणणारा पट्टा बरोबर.” काकूंनी भिंगरीकडे पाहिले. “का गं, बरोबर का?”

“पट्टा रबरासारखा ताणतो,” भिंगरी शाळेत उत्तर द्यावे तशी म्हणाली. “झटका पोटात घेतो आणि मग हळू ओढतो. साखळी ताणत नाही. आणि माल उचलायचा पट्टा दिसायला सारखाच असतो, पण तोही ताणत नाही, म्हणून तो नको.”

“किती टनांचा?”

“ट्रकच्या वजनाच्या तिप्पट. म्हणजे वीस.”

“चिखलाचं वजन कोण धरणार? तुझे वडील? पंचवीसचा घे.”

“बघ,” भाऊजी लेकीला म्हणाले, “शंभरातले नव्व्याण्णव मिळाले तरी इथे नापासच.”

काकूंनी मधल्या खणातून पट्ट्याची जाडजूड, मातकट वळकटी काढली. तिच्याभोवती लाल दोरा बांधलेला होता. ही काकूंची रीत. काम झाले की पट्टा धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग काकू जमिनीवर बसून तो वीतवीत बोटांखालून घालीत. कुठे शिवण उसवली का, धागा कापला का, मधे वाळूचा कण अडकला का, सारे त्यांच्या बोटांना कळे. मग वळकटी करून त्या स्वतः लाल दोरा बांधीत. लाल दोरा असला की बाहेर काढताना पुन्हा तपासणी नाही. त्या दोऱ्यावर शंका घेणे म्हणजे काकूंवर शंका घेणे, आणि ते धाडस आवारात कुणाला नव्हते.

वजनाचा आकडा कोरलेल्या दोन शॅकल, पट्टा तुटलाच तर त्याची उसळी दाबण्यासाठी वर टाकायचे जाड ब्लँकेट, चाकापुढची माती काढायला दोन फावडी. सामान गाडीत गेले. काकूंनी खिडकीशी उभे राहून ठरलेले प्रश्न विचारले.

“आधी काय?”

“चाकांपुढे खणायचं.”

“पट्टा कुठे अडकवायचा?”

“चेसिसच्या हुकाला. बंपरला नाही, ट्रॉली जोडायच्या गोळ्याला तर मुळीच नाही.”

“फोन?”

“डब्यात,” बापलेक एका सुरात म्हणाले. पट्टा ताणलेला असताना फोटो काढायला कुणीतरी जवळ जातेच, म्हणून काकूंनी ओढणीच्या जागी पोचल्या पोचल्या सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात बंद करण्याचा नियम केला होता. गिऱ्हाइकाचासुद्धा.

गाडी फाटकाबाहेर पडली. काकूंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

पाऊण तास गेला असेल. पोर स्टिअरिंगवर बसलेली, चित्त थाऱ्यावर नाही. आणि चित्त थाऱ्यावर नसले की काकू झाडलोट काढीत. मधला खण रिकामा झालाच आहे, तर त्यात अंथरलेली चादर झटकावी, म्हणून त्यांनी ती ओढली. जुनी सुती चादर. अर्धी त्यांच्या हातात आली, अर्धी फळीवरच राहिली.

काकूंना वाटले, कसर लागली. त्यांनी तुकडा दाराशी उजेडात नेला. कसर कडेने कुरतडते. इथे मधोमध भोके होती, तपकिरी कडांची, आणि बोट लावताच कडा पिठासारख्या विरत होत्या. नाकाला आंबट वास आला.

त्यांनी वर पाहिले. वरच्या खणात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या होत्या.

त्या काकूंनीच तिथे ठेवल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी भांडाराच्या जमिनीला ओल आली, तेव्हा खाली काही ठेवायचे नाही असे फर्मान त्यांनीच काढले. बॅटऱ्या वर चढवताना भाऊजी म्हणाले होते, “वहिनी, यांचं वजन केवढं, फळी वाकेल.” त्यावर काकूंनी फळीखाली दुसरी फळी ठोकून घेतली होती. फळी वाकण्याचा विचार त्यांनी केला. दोन फळ्यांमधल्या फटीचा केला नाही. एक बॅटरी कडेला चिरली होती. तिच्यातले आम्ल थेंब थेंब खाली आले होते, कधीपासून ते बॅटरीलाच ठाऊक.

चादरीच्या मधोमध वळकटीचा गोल ठसा होता. काकूंनी तो पुन्हा पाहिला. भोके ठशाच्या बाहेर होती, तशीच ठशाच्या आतही होती. म्हणजे थेंब पट्ट्यावर पडला होता, एकेका वेढ्यातून झिरपला होता आणि खालपर्यंत पोचला होता. नायलॉनला आम्ल चालत नाही हे काकू दुसऱ्यांना शिकवीत. वरून पट्टा धडधाकट दिसतो. आत त्याचे गवत झालेले असते.

“अहो!” त्या ओरडल्या. अठ्ठावीस वर्षांत त्या अशा कधी ओरडल्या नव्हत्या. “भाऊजींना फोन लावा! पट्टा अडकवू नका म्हणावं!”

थोरल्यांनी ‘का’ विचारले नाही. फोन लावला, कानाला धरला, खाली केला, पुन्हा लावला. मग भिंगरीला लावला. मग ट्रकच्या ड्रायव्हरला. तिन्हीकडे घंटा वाजत राहिली.

“उचलत नाहीत,” ते म्हणाले. आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आले की का उचलत नाहीत.

काकूंनी कप्पी, लांब साखळी आणि चार शॅकल व्हॅनमध्ये फेकल्या. हो, फेकल्या. थोरले आपणहून शेजारी येऊन बसले.

“तुम्ही कशाला?”

“तू चालव. मी फोन लावत राहतो. दोन बोटं त्यासाठीच ठेवलीत.”

भट्टी पंचवीस मिनिटांवर होती. काकूंनी आयुष्यात कुणाला ओलांडून व्हॅन पुढे काढली नव्हती. त्या दिवशी त्यांनी सहा गाड्या ओलांडल्या. चौकात सिग्नल लाल झाला. समोरून एक म्हातारा सायकल हातात धरून सावकाश रस्ता ओलांडत होता. काकूंच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरेच होते. ओढणाऱ्या गाडीचा मागचा सांगाडा उघडा आहे. भिंगरीच्या डोक्यामागे केबिनला काचेची खिडकी आहे. पट्टा तुटला आणि त्याच्या टोकाची पोलादी कडी सुटली, तर ती त्या खिडकीच्या रोखाने येईल. ब्लँकेट असते, पण ब्लँकेट म्हणजे काही भिंत नव्हे.

“ते आधी खणतील,” थोरले म्हणाले. “खणायला अर्धा तास तरी जातो.”

“भाऊजी आणि खणतील? मी नसले की चार फावडी माती काढून ‘झालं’ म्हणतात. मला काय माहीत नाही?”

“पोरगी आहे ना बरोबर. ती खणायला लावेल.”

“तिला बापापुढे बोलता येतं का?”

“तुझ्या हाताखाली वाढलीय,” थोरले म्हणाले. “आम्हाला कुणाला येत नाही, तिला येतं.”

जन्मभर त्यांचे नियम कुणी टाळले की त्या संतापत. आज कुणीतरी एक नियम पाळत असू दे आणि दुसरा मोडत असू दे, अशी विचित्र याचना त्या मनातल्या मनात करीत होत्या. फावडी चालू देत. डबा उघडू दे.

डबा कुणी उघडला नाही.

भट्टीच्या वळणावर पोचताच दोन्ही गाड्या दिसल्या. खणणे संपले होते. चाकांपुढे व्यवस्थित उतार काढलेला होता, बाजूला मातीचा ढीग होता. पट्टा दोन्ही गाड्यांना जोडलेला, वर ब्लँकेट घातलेले. रुतलेल्या ट्रकमध्ये त्याचा ड्रायव्हर, ओढणाऱ्या गाडीत भिंगरी, आणि दूर बाजूला खुणा करायला भाऊजी, काकूंकडे पाठ करून. इंजिनाची घरघर एवढी की हाक पोचणे शक्य नव्हते.

काकूंचा हात हॉर्नवर गेला आणि विस्तव लागावा तसा मागे आला. एक लांब हॉर्न म्हणजे ‘ओढा’. हा इशाराही त्यांचाच.

भाऊजींनी हात वर केला. हात खाली आला की भिंगरी गाडी सोडणार.

“धरून बसा,” काकू नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांनी व्हॅन पक्क्या रस्त्यावरून तिरपी नेऊन भिंगरीच्या गाडीच्या थेट नाकासमोर आडवी घातली.

भिंगरीची गाडी वीतभर पुढे आली होती. ब्रेक किंचाळला. पट्टा अर्धवट ताणला गेला, थरथरला आणि सैल पडला. मागे काहीच तुटले नाही. तरी काकूंना स्टिअरिंगवरून हात सोडता येईनात. थोरल्यांनी आपल्या दोन बोटांनी ते एकेक करून सोडवले.

भिंगरी दार आपटून खाली उतरली. चेहरा पांढराफटक. “काकू! ओढणाऱ्या गाडीपुढे कुणी यायचं नाही! कुणीच नाही! तुम्हीच सांगता ना? मी चढवली असती तुमच्यावर!”

“पट्टा सोडा,” काकू म्हणाल्या.

“काय झालं वहिनी?” भाऊजी धावत आले. “सगळं तुमच्या शिस्तीत केलंय. हिनं मला पाऊण तास खणायला लावलं, पाठ मोडली माझी. विचारा हिला.”

“पट्टा बदलायचाय.”

“का? लाल दोरा होता त्याला. मी स्वतः सोडला.”

विटांच्या ट्रकचा ड्रायव्हरही खाली उतरून आला होता. “अहो बाई, दोन मिनिटांचं काम राहिलंय. ओढून घ्या, मग पट्टा बदला, गाडी बदला, वाटलं तर मलाही बदला.”

भाऊजी हसले. “वहिनी, एवढा एक झटका होऊ दे. पंचवीस टनांचा आहे. तुमच्या दोऱ्यावर विश्वास नाही तर कुणाच्या ठेवायचा?”

काकूंना क्षणभर वाटले, सांगावे की पट्टा जुना झाला आहे. सांगावे की यापेक्षा चांगला आणला आहे. काहीही सांगितले असते तरी चालले असते, पण मग भाऊजी आणखी एकदा हसले असते आणि गाडीत चढले असते. जन्मभर कमावलेली पतच आता आड येत होती.

“दोरा खोटा आहे,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “मी बॅटऱ्या त्या पट्ट्यावरच्या खणात ठेवल्या. मीच. त्यातलं आम्ल गळलंय. आज देताना मी पट्टा उघडून पाहिला नाही. चूक माझी आहे. आता सोडा तो.”



भिंगरीनेच दोन्ही इंजिने बंद करवली, चालत जाऊन शॅकल सोडवल्या आणि पट्टा पक्क्या रस्त्यावर आडवा पसरला. मग ती गुडघे टेकून बसली आणि काकू बसत तशी तो बोटांखालून घालू लागली. पहिल्या दोन विती चांगल्या निघाल्या. तिसऱ्या वितीशी तिचा हात थांबला. तिथे रंग जरासा फिका होता, एवढेच. तिने पट्टा दुमडला आणि दुमडीवर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

ती पुढे सरकली. हातभर अंतरावर तसाच डाग. पुढे पुन्हा एक. वळकटीच्या प्रत्येक वेढ्याला एकेक, मोजून घ्यावेत तसे.

ड्रायव्हर आपल्या केबिनकडे पाहत होता. त्या टोकालाही एक कडी होती, हे बहुधा त्याच्या आता लक्षात आले. “च्यायला,” तो पुटपुटला, आणि मग काकूंकडे पाहून म्हणाला, “माफ करा.”

“आता वायरनं,” भिंगरी उठून म्हणाली. तिने आजूबाजूला पाहिले. “बाबा, तो वजनकाटा दिसतोय ना, त्याचा सिमेंटचा पाया? आपली गाडी मागून त्याला साखळीनं जखडायची. वायर कप्पीतून फिरवून परत आपल्याकडे आणायची. विंचवर निम्मा ताण येईल. हळूहळू येईल, पण येईल. आणि उरलेल्या विटाही उतरवायच्या.”

“सगळ्या?” ड्रायव्हरने विचारले.

“सगळ्या,” भिंगरी म्हणाली. ती काकूंकडे वळली. “काकू, काय काय आणलंय?”

काकूंनी व्हॅनचे मागचे दार उघडले. साखळी पुढे केली. भिंगरीने ती नुसती घेतली नाही. एकेक कडी फिरवून पाहिली, आणि तेवढा वेळ काकू त्या साखळीचे दुसरे टोक हातांत धरून उभ्या राहिल्या. मग कप्पी. भिंगरीने चाक फिरवून कानाशी नेले. मग शॅकल. चार होत्या. तिने प्रत्येकीची पिन काढली, आटे पाहिले, पुन्हा बसवली. चौथी तिने बाजूला ठेवली.

“ही नको.”

“का?” काकूंच्या तोंडून निघून गेले. ती शॅकल चांगली होती. तिचा एक एक आटा त्यांना पाठ होता.

“पिन जरा अडखळतेय. असेल चांगली. पण मला नको.”

भाऊजींनी श्वास रोखून वहिनींकडे पाहिले. आजवर काकूंनी पुढे केलेली वस्तू कुणी परत दिली नव्हती. काकूंनी शॅकल उचलली, एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, “तीनवर भागेल का?”

“भागेल.”

विटा उतरवायला दीड तास गेला. गाडी जखडायला, कप्पी लावायला आणखी एक. मग भिंगरीने सगळ्यांना दूर केले. काकू चाळीस पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. भिंगरीने केबिनच्या खिडकीतून पाहिले आणि हाताने खूण केली, आणखी मागे. काकू मागे सरल्या. पुन्हा खूण झाली. काकू पुन्हा सरल्या, पार भट्टीच्या विटांच्या ढिगापलीकडे, थोरल्यांच्या शेजारी.

“आम्हाला कधी एवढं मागे नाही पाठवलंस,” थोरले हळूच म्हणाले.

“गप्प बसा.”

विंच फिरू लागली. वायर उचलली गेली, सरळ झाली, आणि तिच्यावरचे ब्लँकेट तिच्यासोबत वर आले. काकूंना काही करायचे नव्हते. हेच त्यांना कधी जमले नव्हते. साखळीची प्रत्येक कडी त्यांनी मनातल्या मनात पुन्हा तपासली, कप्पीचा आस, तिन्ही पिना. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठल्याच वस्तूची खात्री वाटेना. भिंगरीने पाहिले आहे, एवढेच त्या स्वतःशी म्हणत राहिल्या. तिने पाहिले आहे.

ट्रक हलला असे वाटले आणि नव्हता हलला. मग चिखलाने एक लांब, ओला सुस्कारा सोडला आणि डावे चाक बोटभर वर आले. मग वीतभर. ड्रायव्हर हात जोडून की चोळून, काहीतरी करीत उभा होता. भिंगरीने मधेच विंच थांबवली, भाऊजींना जागेवरच थांबवले, साखळीकडे दुरूनच नीट पाहिले आणि पुन्हा सुरू केली. घाई तिला ठाऊकच नव्हती जणू. आणि हिला आपण भिंगरी म्हणतो, असे काकूंच्या मनात आले.

पाऊण तासाने मागची दोन्ही चाके पक्क्या रस्त्यावर चढली. ड्रायव्हरने आरोळी ठोकली आणि तो ट्रककडे धावला.

“मागे!” काकू आणि भिंगरी एकदमच ओरडल्या. तो जागच्या जागी थिजला.

वायर अजून ताणलेली होती. भिंगरीने ती हळूहळू सैल केली, जमिनीवर लोळेपर्यंत. इंजिन बंद केले. खाली उतरली, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. काकूंच्या पायांना चालायची ओढ लागली होती, पोरीला जाऊन हात लावून पाहावे असे झाले होते. पण त्या ढिगामागेच उभ्या राहिल्या.

मग भिंगरीने हात वर करून या, अशी खूण केली, आणि काकू निघाल्या.